पूर्वसूचना आणि तिची भाषा : वऱ्हाडातील गुलाबी बोंडअळीच्या संदर्भात

प्रस्तुत लेखात पूर्वसूचना देणाऱ्या यंत्रणेचे तांत्रिक मूल्यमापन अभिप्रेत नाही. सूचना हा एक संवाद आहे असे मानून त्या संवादाची चिकित्सा करावयाची आहे.

२०१७ च्या खरीप हंगामात अकोला, अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांतील बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीने घाला घातला. हे संकट अवचित आले असे म्हणता येत नाही. पहिल्या पिढीच्या बीटी कपाशीला ही अळी जुमानत नाही, हे गुजरातेत २००९ च्या हंगामात आढळले आणि २०१० मध्ये जाहीरही झाले. पुढे दोन जनुकांच्या वाणांवरही ती तेथे जगू लागली. महाराष्ट्रात सोयाबीनवरील २००८ च्या अळीसंकटानंतर कीड-रोग सर्वेक्षण व सल्ल्याचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू झालेला होता. अकोल्यास कृषी विद्यापीठ तर १९६९ पासून आहे. ज्ञानाचा अभाव नव्हता.

उणीव सूचनेच्या घडणीतच होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री सरासरी ८ पतंग सापडले की उपाय योजावा, हा निकष शास्त्रशुद्ध आहे. मात्र ज्याच्या वावरात सापळाच नाही, त्याच्यासाठी तो निःशब्द आहे. अळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र बुजते आणि बोंड वरून निरोगी दिसते. नुकसान डोळ्यांना दिसेपर्यंत फवारणीची वेळ टळलेली असते. त्याआधीची, साध्या नजरेला कळणारी खूण म्हणजे डोमकळी. कास्तकाराच्या परिचयाचा हा शब्द सूचनेच्या अग्रभागी हवा होता. तेथे बसली ती ‘आर्थिक नुकसानीची पातळी’.

‘फरदड घेऊ नका’ हा सल्लाही असाच. तो योग्यच आहे. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याला उशिराच्या वेचणीतूनच चार पैसे सुटतात, आणि त्याने पऱ्हाटी उपटली तरी शेजारच्या धुऱ्यापलीकडे ती उभी राहिली तर पतंग अडणार कसे? सूचना एकेकट्या शेतकऱ्याला मिळते, कीड मात्र साऱ्या शिवाराची असते.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावर धोक्याची सूचना असतेच : रंगीत त्रिकोण आणि बारीक अक्षरे. रोजंदारीचा मजूर पंप पाठीवर घेतो, तेव्हा औषध बहुधा आधीच कालवलेले असते आणि डबा बांधावर राहिलेला असतो.