कृष्णविवराचे ‘छायाचित्र’: प्रत्यक्ष की अनुमान?

१० एप्रिल २०१९ रोजी शास्त्रज्ञांनी एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे ‘पहिले छायाचित्र’ प्रसिद्ध केले. त्यांच्या दाव्यातील ‘छायाचित्र’ ही संज्ञाच आक्षेपार्ह होय. एप्रिल २०१७ मध्ये आठ रेडिओ दुर्बिणींनी १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर घेतलेल्या नोंदी त्रुटित होत्या. उणीव गणिताने भरून काढल्यावर ते वलय सिद्ध झाले. त्याचा नारिंगी रंगही आरोपितच. २०२२ मध्ये मियोशी, काटो व माकिनो यांना त्याच नोंदींत वलय आढळले नाही. मूळ संशोधकांनी हा निष्कर्ष अमान्य केला. २०१८ च्या निरीक्षणांतही वलय मिळाल्याने त्यांचा पक्ष बळावला. तथापि असा वाद अनुमानाविषयीच संभवतो. ‘गणिती पुनर्रचना’ म्हटल्याने संशोधनाचे मोल घटत नाही. वाचकाचा शंकेचा अधिकार मात्र अबाधित राहतो.