संहितेविना कथन : भूमिका-खेळातील दीर्घ मोहिमेचा समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

दूरचित्रवाणी मालिका, चित्रकथा आणि संगणकीय खेळ या आधुनिक कथनप्रकारांची समीक्षेने यथावकाश दखल घेतली. मात्र पाच-सहा मित्रांनी टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या आधारे महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे रचलेली अद्भुतरम्य कथा साहित्यविचाराच्या परिघाबाहेरच राहिली. याचे कारण उघड आहे. समीक्षेला संहिता लागते, संहितेला लेखक लागतो आणि या दोहोंपासून वेगळा असा वाचक किंवा प्रेक्षक लागतो. भूमिका-खेळात लिहिलेली संहिता नसते आणि कथा रचणारे व तिचा आस्वाद घेणारे एकच असतात. अशा कथनाचे मूल्य कोणत्या निकषांवर ठरवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कादंबरीचा निकष, म्हणजे कथानकाचा रेखीवपणा, येथे लावला तर हा प्रकार बाळबोध ठरतो. परंतु या कथनाचे सामर्थ्य कथानकात नसून, टेबलावर एकदा घडलेली गोष्ट सर्वांवर बंधनकारक होते या तत्त्वात आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

उगम आणि घडण

१९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पुस्तिका, असे त्याचे मूळ स्वरूप होते आणि पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या १००० प्रती काढण्यात आल्या होत्या. या खेळाची मुळे युद्धखेळांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ रूढ झाला होता व त्यात निवाडा करणारा पंच असे. १९६९ साली मिनेसोटात डेव्हिड वेझली यांनी मांडलेल्या एका खेळात प्रत्येक खेळाडूकडे सैन्याऐवजी एकेक व्यक्ती आणि तिचा स्वतंत्र हेतू सोपविण्यात आला. आर्नेसन यांनी १९७१च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित प्रदेशात हीच कल्पना दीर्घकाळ चालविली. गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१च्या नियमपुस्तिकेतील अद्भुतविषयक पुरवणीचा आधार तिला मिळाला आणि त्यातून नवा प्रकार सिद्ध झाला.

इंग्रजीत अशा दीर्घ खेळाला ‘कॅम्पेन’ म्हणतात. हा शब्दही युद्धखेळांतूनच आला. एका लढाईचा निकाल पुढच्या लढाईची सुरुवात ठरवील, अशी लढायांची मालिका म्हणजे मोहीम. या शब्दातच प्रकाराचे मर्म साठविलेले आहे.

मोहिमेतील एक खेळाडू सूत्रधार असतो. जग, त्यातील राज्ये, राक्षस, दुकानदार, हवामान हे सर्व त्याच्या मुखातून प्रकट होते. इतर खेळाडू प्रत्येकी एक पात्र निर्माण करतात. मूळ खेळात पात्राचे बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि प्रभाव हे सहा गुण तीन फासे टाकून ठरत. प्रत्येक गुण ३ ते १८ यांच्या दरम्यान येई आणि १८ पडण्याचा संभव २१६ फेकींत एकदा असे. पुढे बैठकीत खेळाडू आपल्या पात्राचा इरादा सांगतो, सूत्रधार परिस्थिती सांगतो आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासा टाकला जातो. आज या कामी वीस पैलूंचा फासा मुख्यत्वे वापरतात.

नियम आणि कल्पना

खेळाच्या तात्त्विक विचारात योहान हौझिंगा यांच्या १९३८च्या आणि रॉजे कायवा यांच्या १९५८च्या ग्रंथांना पायाभूत स्थान आहे. कायवा यांनी खेळांचे स्पर्धा, दैव, अनुकरण आणि घेरी असे चार वर्ग केले. खेळ एक तर नियमबद्ध असतो किंवा कल्पित असतो, एकाच वेळी दोन्ही नसतो, असाही त्यांचा दावा होता. बुद्धिबळात नियम असतात, पण आपण राजा आहोत असे कोणी मानत नाही. भातुकलीत मुलगी आई होते, पण तेथे नियमांचे पुस्तक नसते. सोळा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने हे वर्गीकरण अपुरे ठरविले. येथे कल्पना नियमांनी बांधलेली आहे आणि नियमांना कल्पनेबाहेर अर्थ नाही.

समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३च्या ‘शेअर्ड फँटसी’ या ग्रंथात, अर्व्हिंग गॉफमन यांच्या चौकट-संकल्पनेच्या आधारे, या खेळातील माणूस तीन पातळ्यांवर वावरतो हे दाखविले. तो घड्याळाकडे पाहणारी व्यक्ती असतो, आकडेमोड करणारा खेळाडू असतो आणि तलवार उपसणारे पात्रही असतो. डॅनियल मॅके यांनी २००१ साली या खेळाचा विचार नवी प्रयोगकला म्हणून केला. ही दोन्ही विवेचने मोलाची असली, तरी एका प्रयोगातील वर्तन आणि वर्षानुवर्षे साचत जाणारी कथा यांतील भेद स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे.

मराठी वाचकाला येथे कोकणातील दशावताराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दशावतारातही लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद रंगमंचावर उत्स्फूर्तपणे घडतात. साम्य येथपर्यंतच आहे. दशावतारात आख्यानाचा शेवट नटांना ठाऊक असतो आणि समोर बसलेल्या गावालाही ठाऊक असतो. रस असतो तो तेथवर कसे पोहोचायचे यात. मोहिमेत समोर गाव नाही आणि शेवटही कोणाला ठाऊक नाही. दशावतारातील उत्स्फूर्तता शब्दांची आहे, मोहिमेतील उत्स्फूर्तता घटितांची आहे.

स्मृतीचे बंधन

हा भेद एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. पहिल्याच बैठकीत एका पात्राने नदीवरच्या नाकेदाराला खोटे नाव सांगून जकात चुकविली, असे समजू. त्या क्षणी हा विनोद असतो आणि सारे हसतात. दीड वर्षाने, जखमी सहकाऱ्याला घेऊन तेच लोक त्या पुलाशी येतात. नाकेदाराने फसवणुकीची तक्रार केलेली आहे आणि पूल त्यांच्यासाठी बंद आहे. हा प्रसंग कोणी लिहिला? सूत्रधाराने तो योजला, पण त्याचे बीज खेळाडूने टाकले होते. खेळाडूने खोटे सांगितले, पण ते खपले फाशामुळे. कर्तृत्व असे विभागलेले असते.

कादंबरीकार पहिले प्रकरण पुन्हा लिहू शकतो. अडचणीचा नाकेदार तो काढून टाकील किंवा पुढच्या घटनेला सोयीचा करून घेईल. मोहिमेत ही मुभा नाही. मागील बैठकीत उच्चारले गेले ते घडले. त्याची एकमेव नोंद अनेकदा खेळाडूंच्या वह्यांत आणि आठवणीत असते, आणि तरीही ते सर्वांवर बंधनकारक असते. मोहिमेची घटना बाहेरच्या माणसाला सांगितली असता नीरस वाटते, हा सर्वसाधारण अनुभव आहे. याचे कारणही येथेच सापडते. ऐकणाऱ्याला घटना मिळते, पण ती ज्या बंधनातून घडली त्या बंधनात तो नसतो. नाकेदाराला खोटे बोलणारा तो नव्हता.

फासा आणि आडपडदा

या बंधनाची खरी कसोटी फाशापाशी लागते. बहुतेक सूत्रधार आपल्यापुढे पुठ्ठ्याचा घडीचा आडपडदा उभा करतात आणि त्यामागे फासे टाकतात. आकडा फक्त त्यांनाच दिसतो, म्हणून तो बदलून सांगणेही शक्य होते. गायगॅक्स यांनीच १९७९च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेत प्रसंगी फाशाचा कौल डावलण्याचा अधिकार सूत्रधाराला दिला आहे, आणि २०१४च्या पाचव्या आवृत्तीची मार्गदर्शिकाही ही शक्यता मान्य करते. या अधिकाराचे समर्थन सबळ आहे. तीन वर्षे जोपासलेले पात्र एखाद्या किरकोळ चकमकीत, निव्वळ आकड्यामुळे मरावे, यात कथेचे कोणते हित आहे? खेळाडूने सारे काही विचारपूर्वक केले असताना दैवाने त्याला शिक्षा का करावी?

तथापि या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे. कथेचे हित कशात आहे हे सूत्रधाराला एकट्याला कळते, असे तो मानतो. आकडा गुपचूप बदलला की सामायिक कथन पुन्हा एका लेखकाची कादंबरी होते आणि इतर जण, स्वतःला न कळता, त्या कादंबरीचे वाचक होतात. हानी त्या एका प्रसंगापुरतीही राहत नाही. वीस पैलूंच्या फाशावर १५ किंवा अधिक पडणे आवश्यक असेल, तर यशाचा संभव ३० टक्के असतो. तो साधला तेव्हा होणाऱ्या जल्लोषाला अर्थ येतो तो उरलेल्या ७० टक्क्यांमुळे. एकदा जरी आकडा बदलला गेल्याची शंका आली, तरी आधीचे सारे विजय संशयास्पद होतात.

यावर फाशाची आंधळी भक्ती हा उपाय नव्हे. ज्या प्रश्नाचे एखादे उत्तर टेबलावरील कोणालाच स्वीकारता येणार नाही, तो प्रश्न फाशाला विचारूच नये. फासा टाकण्यापूर्वी काय पणाला लागले आहे ते सर्वांना सांगावे, आणि टाकल्यावर पडेल ते मान्य करावे. सूत्रधाराचा विवेक येथे रद्द होत नाही. तो फेकीनंतरच्या गुप्त दुरुस्तीतून निघून फेकीपूर्वीच्या उघड निर्णयात येतो. दीर्घ मोहिमेची प्रामाणिकता या क्रमावर अवलंबून असते.

छापील साहस आणि खेळलेली कथा

अनेक मोहिमा छापील साहसांवर आधारित असतात. मग ती पुस्तकेच संहिता का मानू नयेत, असा आक्षेप संभवतो. ट्रेसी व लॉरा हिकमन यांचे १९८३ सालचे ‘रेव्हनलॉफ्ट’ या दृष्टीने उद्बोधक आहे. स्ट्राड नामक रक्तपिपासू सरदार, धुक्याने वेढलेला प्रदेश आणि किल्ला ही त्याची सामग्री पाश्चात्त्य भयकथेतून उचललेली आहे. त्याचे नावीन्य वेगळ्याच गोष्टीत आहे. खेळात एक भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडते, आणि त्या पत्त्यांवरून महत्त्वाच्या वस्तू कोठे दडल्या आहेत व स्ट्राडचा हेतू काय आहे हे ठरते. म्हणजे खलनायकाचा हेतूही पुस्तकाने मोकळा सोडला आहे. २०१६च्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या विस्तारित रूपातही पत्त्यांची योजना कायम राहिली. असे पुस्तक स्वतःला जाणीवपूर्वक अपुरे ठेवते. ते कथा नव्हे, कथेची साधनसामग्री आहे. त्याच्या वाचनावरून मोहिमेचे मूल्यमापन करणे, हे केवळ बंदिश वाचून गायनाचे मूल्यमापन करण्यासारखे होईल.

प्रेक्षकाचा प्रवेश

२०१५ साली ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमाद्वारे काही व्यावसायिक आवाज-कलाकारांनी, घरगुती बैठकांत आधीपासून चालू असलेली आपली मोहीम आंतरजालावर थेट दाखविण्यास प्रारंभ केला. तिचे पहिले पर्व ११५ भागांनंतर २०१७ साली संपले आणि २०२२ साली त्यावर आधारित सचेतपट-मालिका आली. येथे मोहिमेला प्रथमच विशाल प्रेक्षकवर्ग लाभला आणि समीक्षेला हाताळता येईल अशी चित्रित संहिताही मिळाली. परंतु या दोन रूपांतील अंतर महत्त्वाचे आहे. सचेतपट कथानक निवडतो आणि फासे वगळतो. मूळ बैठकीत मात्र फासा घरंगळत असतानाची शांतता दिसते. दीर्घ भाग पाहत आलेला प्रेक्षक त्या शांततेत काही अंशी सहभागी होतो, कारण मागचे सारे त्यालाही आठवत असते. तरीही निर्णयाचा भार त्याच्यावर नसतो. म्हणून अशा चित्रणांवरून घरगुती मोहिमांची प्रत ठरविणे अन्यायाचे होईल. अडखळत बोलणाऱ्या मित्रांची मोहीम अभिनयात उणी असेल, पण बंधनात ती उणी असेलच असे नाही.

समारोप

कॅनडात १९८२ साली सुरू झालेली एक मोहीम चार दशके ओलांडून गेल्याची नोंद आहे. परंतु असे उदाहरण विरळा. मोहिमा बहुधा राक्षसाच्या हातून संपत नाहीत. कोणाची बदली होते, कोणाच्या घरी मूल जन्मते, बैठकीचा वार जुळेनासा होतो आणि कथा मध्येच थांबते. कादंबरीच्या निकषाने हे अपयश होय. येथे मात्र शेवट हे मूल्याचे स्थान नाही. घडून गेलेल्या प्रत्येक बैठकीत एकमेकांच्या शब्दाला जे वजन दिले गेले, ते कथा थांबल्याने कमी होत नाही.

तेव्हा मोहिमेच्या समीक्षेने तीन गोष्टी पाहाव्यात : मागचे कितपत स्मरणात ठेवले गेले, निर्णयाचा अधिकार किती जणांत वाटला गेला, आणि प्रतिकूल कौल कितपत प्रामाणिकपणे स्वीकारला गेला. हे निकष नीतिशास्त्राचे वाटतील, परंतु ज्या कथनात लेखक आणि आस्वादक एकच असतात, तेथे कलेची गुणवत्ता आणि सहवासाची गुणवत्ता वेगळी काढता येत नाही. संहिता नाही म्हणून या प्रकाराला साहित्यविचारातून वगळणे सोपे आहे. मात्र तसे केल्यास, समवयस्क प्रौढ माणसे परस्परांवर विश्वास ठेवून दीर्घकाळ एक जग कसे सांभाळतात, हे जाणून घेण्याची एक संधी समीक्षा गमावील.