परदेशी गेलेल्याला नोकरी कशी लागली?

जयपूरच्या जवाहर नगरात राहायला आल्यावर एक गोष्ट लवकरच लक्षात आली. इथल्या आणि लगतच्या राजा पार्क, आदर्श नगरातल्या जुन्या सिंधी-पंजाबी घरांत फाळणीची गोष्ट निघाली, की ती बहुधा कामांच्या क्रमाने सांगितली जाते. आधी रेल्वेच्या डब्यात गोळ्या विकल्या, मग दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजलं, मग रस्त्याच्या कडेला फळी टाकली, मग केव्हातरी ती फळी दुकानात गेली. सिंधमधलं घर, त्याचं अंगण, मागे राहिलेली किल्ली हे सगळं येतं, पण मध्येच, कडेकडेने. आम्ही १९४७ ला आलो, या वाक्याच्या पाठोपाठ काय काम मिळालं तेच येतं. त्या पिढीला 'शरणार्थी' हा शब्द टोचायचा, म्हणून 'पुरुषार्थी' हा शब्द उत्तरेत पुढे आला. मराठी कानाला तो जरा भारदस्त वाटतो. आपल्याकडेही पुरुषार्थ चारच आहेत. फक्त त्यांतला 'अर्थ' आपण थोडं ओशाळून उच्चारतो.

हे ऐकत असताना मराठीतलं परदेशगमनाचं साहित्य आठवू लागलं आणि एक प्रश्न मनातून जाईना. इतकी माणसं देश सोडून गेली, त्यांच्यावर आणि त्यांनी इतकं लिहिलं, पण नव्या देशात पहिलं काम कसं मिळालं याची पानं कुठे आहेत?

आपली परदेशावरची सर्वांत लाडकी पुस्तकं प्रवाशांची आहेत. 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) यांवर दोन पिढ्यांनी परदेश पाहिला. पुलंच्या खिशात परतीचं तिकीट होतं, त्यामुळे त्यांना कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं नव्हतं. त्या पुस्तकांची मौज या निर्धास्तपणातूनच येते. दुसरं टोक जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'चं. मुलगा अमेरिकेत आणि इथे वाट पाहणारे नाना-नानी. ते नाटक त्या दोघांचं आहे आणि तसंच असायला हवं. पण ते इतकं खोल रुजलं की त्यानंतर परदेशी गेलेला माणूस आपल्या कथा-नाटकांत बहुतेक वेळा मागे राहिलेल्यांच्या खुर्चीवरूनच दिसला. तो फोनवरचा आवाज असतो, डॉलर पाठवणारा हात असतो, अंत्यविधीला न पोचलेला मुलगा असतो. तो तिकडे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा काय करतो, आणि ते करण्याची परवानगी त्याने कशी मिळवली, हे कथेला विचारावंसंच वाटत नाही.

मराठीला काम शोधणाऱ्या माणसाबद्दल लिहिता येत नाही असं म्हणावं, तर तेही खोटं. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले, वाटेत मिळेल ते काम करत. 'माझी मैना गावावर राहिली'तला विरहसुद्धा पोटाच्या मागे मुंबईला आलेल्या माणसाचा आहे. त्यातून काम वगळलं तर विरहालाही कारण उरत नाही. कोकणातून गिरणीत आलेला, मराठवाड्यातून दुष्काळात निघालेला, ऊसतोडीला जाणारा यांच्याबद्दल लिहिताना मराठी भाषा खाड्याचा, मुकादमाचा, उचलीचा हिशेब नेमका मांडते. तीच भाषा समुद्र ओलांडताच एकदम हळवी होते आणि तिला आईच्या हातची पुरणपोळी आठवू लागते.

मला वाटतं, याचं एक कारण जाणाऱ्यांच्या वर्गात आहे. अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलल्यावर जे मराठी लोक तिकडे गेले त्यांत डॉक्टर-इंजिनियर पुष्कळ. पदवी हे त्यांचं वतन होतं. पदवी असून नोकरीसाठी वणवण करावी लागणं ही त्या घरात सांगायची गोष्ट नव्हती. इथे दहा वर्षं दवाखाना चालवलेल्या डॉक्टरला तिकडे पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात, आपल्याहून लहान मुलांबरोबर पुन्हा रेसिडेन्सी करावी लागते. त्या काळात घर कशावर चालतं? केवढी कादंबरी आहे यात! पण घरी पत्र जातं ते 'सगळं ठीक' असंच. आपला शब्दप्रयोगही सोयीचा आहे: नोकरी 'लागते'. जशी ठेच लागते, लॉटरी लागते. ती शोधणारा माणूस वाक्यातून अलगद बाजूला होतो.

दुसरं कारण कागदांत आहे, आणि आपली समीक्षा त्याकडे पाहत नाही याचं मला नवल वाटतं. एच-१बी व्हिसावर गेलेल्या माणसाची बायको एच-४ वर जाते. तिच्याकडे एम.एससी. असो की वकिलीची सनद, या व्हिसावर काम करायला मनाई. २०१५ पासून त्यांतल्या काही जणींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं आहे त्यांना, कामाची परवानगी मागता येते, बाकीच्या थांबतात. आता परदेशस्थ मराठी स्त्रियांचं लेखन पुन्हा वाचावं. रिकामी दुपार, खिडकीबाहेरचा बर्फ, फोनची वाट. आपण त्याला 'स्मरणरंजन' म्हणतो आणि नाक मुरडतो. दुपार रिकामी का आहे, हे विचारलं तर त्या लेखनाचा अर्थच बदलतो. ती उदासी स्वभावाची नाही, कायद्याच्या एका कलमाची आहे. अडचण इतकीच की लेखिकाही बहुधा ते कलम कथेत येऊ देत नाही. व्हिसा, अर्ज, तारखा हे तिला रुक्ष वाटतं, आणि संपादकालाही. मग वाचकापर्यंत कारणाविना नुसती उदासी पोचते.

पुरुषांच्या कथांतही तेच. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला त्याला सहसा जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. साठ दिवस, घराचा हप्ता, शाळेत जाणारी मुलं, आणि घरी कुणाला सांगायचं नाही. नाटककाराला याहून घट्ट बांधलेला अवधी कुठून मिळणार? तरी आपल्याला सांस्कृतिक पेचावरच लिहावंसं वाटतं: मुलगी डेटवर जाते, मुलगा मराठी बोलत नाही. ते पेच खरे आहेत. पण ते नोकरी टिकलेल्या घरातले आहेत.

यावर कुणी म्हणेल, अर्ज आणि मुलाखती हा साहित्याचा ऐवज नव्हे. तसं म्हणणाऱ्याने 'गरम हवा' (१९७३) पुन्हा पाहावा. जयपूरहून फार लांब नसलेल्या आग्र्यातली गोष्ट. फाळणीवरच्या त्या चित्रपटात दंगल जवळजवळ दिसत नाही. दिसतं ते सलीम मिर्झांना कर्ज न मिळणं, जोड्यांच्या ऑर्डरी हातून जाणं आणि सिकंदरचं एकामागून एक मुलाखती देणं. देश कुणाचा, हा प्रश्न तिथे नोकरीच्या टेबलावर विचारला जातो, आणि म्हणूनच तो अंगावर येतो.

आपल्याकडे असं काहीच नाही, असंही नाही. ते आपण वेगळ्याच नावाने कपाटात ठेवलं आहे. पंडिता रमाबाई घ्या. धर्मांतर, विधवांची सेवा, टिळकांशी वाद, एवढ्यात आपण त्यांना बसवतो. पण १८८३ मध्ये विधवा बाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला जाते तो सगळा व्यवहार कामाचा आहे. प्रवासखर्चाला 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे. वाँटेजच्या मठात राहण्या-जेवण्याच्या बदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायची. वैद्यक शिकायचं होतं, ते कानांनी दगा दिल्यामुळे राहिलं. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात एकीकडे शिकणं आणि दुसरीकडे संस्कृत शिकवणं. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न आला, तेव्हा हिंदुस्थानातले अनुभव सांगत बिशप मंडळी आडवी आली: याने तिच्याच देशात तिचं वजन कमी होईल. रमाबाईंचं उत्तर असं, की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, ती तुम्ही कशी घेता? त्यांच्या पत्रव्यवहाराच्या ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या इंग्रजी खंडात (१९७७) हे सगळं आहे.

मी हा खंड जवाहर नगरातल्या उन्हाळ्यात, कूलरच्या घरघरीत वाचला, आणि त्यात मला आजच्या कुठल्याही स्थलांतरिताची कैफियत दिसली. पात्रता आहे, काम समोर आहे, आणि तिने ते करावं की नाही हे ठरवणारे तिच्या 'संस्कृती'चे स्वयंघोषित जाणकार तिसऱ्याच देशातले. शिवाय आश्रय देणाऱ्यांचे उपकार. उपकाराखाली असलेल्या माणसाला कामाच्या अटींवर भांडता येतं का? रमाबाई भांडल्या. पुढे अमेरिकेवर लिहिलेल्या पुस्तकात (१८८९) तिथल्या बायका कोणकोणते उद्योग करतात हे त्या इतकं बारकाईने का नोंदवतात, ते या पत्रांनंतर कळतं. ज्या बाईने स्वतः परक्या मुलखात आपल्या विद्येची किंमत लावून पाहिली आहे, ती दुसऱ्या बाईच्या हातातलं काम आधी बघते. त्या पुस्तकाला नुसतं प्रवासवर्णन म्हणणं मला अपुरं वाटतं.

पांडुरंग खानखोज्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यावर वीणा गवाणकरांनी मराठीत लिहिलेलं आहे. वर्ध्याचा हा माणूस अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदरमध्ये गेला आणि १९२४ साली मेक्सिकोत पोचला. चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागला, मक्यावर संशोधन केलं, दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात जाऊन बसला. आपण हे क्रांतिकारकाचं चरित्र म्हणून वाचतो. देश बंद झालेल्या माणसाने केवळ पिकांच्या ज्ञानावर परक्या भाषेत उभी केलेली नोकरी, असं ते वाचून पाहावं.

आणि धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळहून निघून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घालणाऱ्या या माणसाचं 'निवेदन' (१९२४) मराठीतलं मला सर्वांत कमी ओशाळवाणं आत्मचरित्र वाटतं. कोण किती देत होतं, हे तो लपवत नाही. सयाजीरावांचे महिना पन्नास रुपये आणि त्यांच्या अटी यांचा हिशेब पुस्तकात आहे. १९१० मध्ये तो हार्वर्डला गेला तो नेमक्या कामासाठी. हेन्री क्लार्क वॉरन १८९९ मध्ये वारले आणि त्यांचं 'विसुद्धिमग्गा'चं संपादन अर्धवट राहिलं होतं. प्राध्यापक लॅनमनना ते पुरं करून हवं होतं. काम होतं, पगार होता, पाली जाणणारा माणूस आला होता. बिनसलं ते शीर्षकपानावर कुणाचं नाव कसं छापायचं यावरून, आणि १९१२ मध्ये कोसंबी परतले. पुढे ते पुन्हा पुन्हा तिकडे गेले. दरम्यान १९४० मध्ये मुंबईत भारतीय विद्याभवनाने त्यांची देवनागरी आवृत्ती छापली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये. तिच्यावर वॉरन यांच्याबरोबर कोसंबींचं नाव आहे. तोवर कोसंबींना जाऊन तीन वर्षं झाली होती.