उत्तरायुष्यातील लेखन : स्मरण आणि पुनर्वाचन

उत्तरायुष्यात झालेल्या लेखनाकडे मराठी समीक्षा बहुधा दोन दृष्टींनी पाहत आली आहे. एक दृष्टी गौरवाची, दुसरी दस्तऐवजाची. पहिलीत लेखकाच्या वयाला वंदन केले जाते. दुसरीत त्याच्या आठवणींतून गतकाळाची माहिती वेचली जाते. दोन्ही दृष्टी सद्भावनेच्याच आहेत. परंतु दोहोंतही ते लेखन वाङ्मय म्हणून पारखण्याचे राहून जाते. उत्तरायुष्यातील लेखनाचा स्वतंत्र असा काही निकष संभवतो काय, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिला आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वाङ्मयीन परंपरेत या प्रश्नाचा विचार करण्यास पुरेशी सामग्री आहे.

'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव (१९१९-१९९१) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते स्वतः सहभागी होते. त्या दिवसांविषयी त्यांनी 'पेटलेले दिवस' हे आठवणींचे पुस्तक लिहिले आणि 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' (१९८७) हा इतिहासग्रंथही लिहिला. अनुभवद्रव्य एकच, रूपबंध मात्र दोन. आठवणींत 'मी होतो' ही साक्ष पुरेशी ठरते. इतिहासात ती अपुरी पडते, कारण तेथे साक्षीदारालाच आपली साक्ष तपासावी लागते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षाच्या आसपास एखाद्या लेखकाला स्वतःच्या स्मृतीपाशी न थांबता तिच्या पलीकडे जाऊन शोध घ्यावासा वाटणे, हे त्याची विद्यार्थिवृत्ती शाबूत असल्याचे लक्षण होय.

या वृत्तीला एक प्रादेशिक पार्श्वभूमीही आहे. निजामी राजवटीत राज्यकारभार आणि उच्च शिक्षण यांचे माध्यम उर्दू होते. १९४८ नंतर मराठवाड्यातील सुशिक्षितांच्या एका पिढीला आपल्या ज्ञानव्यवहाराची भाषाच नव्याने घडवावी लागली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ही घडण चालूच होती. शिक्षण पदवीपाशी संपते, ही समजूत त्या पिढीला परवडण्यासारखी नव्हती.

याच विद्यापीठाच्या मराठी विभागात अध्यापन केलेले समीक्षक सुधीर रसाळ (जन्म १९३३) यांच्या लेखनक्रमाकडे या संदर्भात पाहावयास हवे. 'कविता आणि प्रतिमा' (१९८२) या ग्रंथात त्यांनी कवितेच्या प्रतिमासृष्टीचे सैद्धांतिक विवेचन केले. पुढे 'लोभस'मध्ये त्यांनी आपले गाव आणि त्यातील माणसे लेखनाचा विषय केली. येथवरचा क्रम परिचित वाटतो : आधी शास्त्र, मग स्मरण. परंतु रसाळ तेथे थांबले नाहीत. त्यांनी मर्ढेकरांची कविता पुन्हा हाती घेतली. तिच्याविषयीच्या ग्रंथाला 'आकलन, आस्वाद आणि चिकित्सा' असे उपशीर्षक दिले. मर्ढेकरांच्या कथात्म वाङ्मयाकडेही ते वळले. 'विंदांचे गद्यरूप' या ग्रंथास २०२४ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांचे वय एक्याण्णव होते.

वयाचा आकडा बाजूस ठेवला तरी या क्रमातील दिशा लक्षणीय ठरते. काव्यप्रतिमेपासून आरंभ केलेला समीक्षक उत्तरायुष्यात कवींच्या गद्याकडे येतो. ज्या साधनांवर त्याचे प्रभुत्व मान्य झाले आहे, ती साधने जेथे सहजासहजी चालणार नाहीत अशा प्रांतात तो शिरतो. यालाच पुनर्वाचन म्हणावयाचे. स्मरणात लेखक आपल्या भूतकाळाचा स्वामी असतो. पुनर्वाचनात तो पुन्हा उमेदवार होतो.

विंदा करंदीकरांचे गद्य या चर्चेत यावे, हेही अर्थपूर्ण आहे. 'स्पर्शाची पालवी' (१९५८) आणि 'आकाशाचा अर्थ' (१९६५) हे त्यांचे लघुनिबंधसंग्रह. फडके-खांडेकरांच्या काळापासून नित्याचे जीवन हाच लघुनिबंधाचा विषय मानला गेला होता. क्षुल्लकातून चमकदार निष्कर्ष काढण्याची सवय लागल्यामुळे या प्रकाराला साचलेपण येत चालले होते. अशा वेळी पहिल्या संग्रहाच्या शीर्षकातच स्पर्शासारखे मूलभूत संवेदन यावे, यातून विचाराला देहाच्या पातळीवरून आरंभ करू देण्याची विंदांची ओढ सूचित होते. पुढे 'अष्टदर्शने' (२००३) या काव्यग्रंथात वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देकार्तपासून चार्वाकापर्यंत आठ दर्शने मराठी छंदात मांडली. दैनंदिनाचे चिंतन आणि आजीवन अध्ययन या दोन गोष्टी परस्परांपासून दूर नसल्याचे यावरून ध्यानात येते.

अर्थात, या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तोही याच शहरातून. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने औरंगाबादहून दलित लेखनाला जे व्यासपीठ दिले, त्यातून एक वेगळाच प्रश्न पुढे आला : नित्याचे जीवन म्हणजे कोणाचे? लघुनिबंधातील दैनंदिनात फुरसत गृहीत धरलेली असते. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मधील दैनंदिनात भाकरीचीच शाश्वती नाही. तेथे स्मरण हाच शोध असतो, कारण जे जीवन पूर्वी कोणी वाचलेच नव्हते, त्याचे पुनर्वाचन कसे होणार? तेव्हा स्मरण कनिष्ठ आणि पुनर्वाचन श्रेष्ठ, अशी सरसकट प्रतवारी करता येणार नाही. मर्ढेकर आणि विंदा यांचे पुनर्वाचन करणाऱ्या समीक्षेलाही आपले निकष या दुसऱ्या दैनंदिनासमोर तपासून घ्यावे लागतील.

या आक्षेपाने मूळ निकष बाद होत नाही. तो अधिक नेमका होतो. लेखक किती आठवतो किंवा किती वर्षे लिहितो, यावर उत्तरायुष्यातील लेखनाचे मोल अवलंबून नसते. लिहिताना त्याने आपले कोणते जुने मत पणाला लावले, हे पाहावे लागते. भालेरावांनी आपली साक्ष पणाला लावली, रसाळांनी आपली साधने. वयोवृद्ध लेखकाला शाल आणि श्रीफळ देऊन समीक्षा मोकळी होते, तेव्हा ती त्याला हा प्रश्न विचारण्याचे टाळते. असा प्रश्न विचारणे हाच त्याचा खरा सन्मान आहे, कारण त्यात तो अजून शिकतो आहे हे गृहीत धरलेले असते.