उत्तररंगाची साक्ष

गोष्टीचा शेवट तिच्या आरंभाला येऊन मिळावा, मधले प्रसंग उलट क्रमाने एकमेकांना उत्तर देत यावेत, अशा रचनेला पाश्चात्त्य अभ्यासक वलयरचना म्हणतात. मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंचे 'थिंकिंग इन सर्कल्स' हे 2007 मधले पुस्तक त्यावरच आहे. अशा रचनेचा अर्थ शेवटात नसून मध्यावर असतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. 'स्टार वॉर्स' मालिकेचे चाहते त्याच चष्म्यातून तिच्याकडे पाहतात. 1980 च्या चित्रपटात मुलाचा हात तुटतो, 1983 च्या चित्रपटात बापाचा. अशा जोड्या शोधण्यात गंमत आहे. पण नुसत्या जोड्या लावून समीक्षा होत नाही. आरशाचे काम काय, हे विचारावे लागते.

आपल्याकडे हा प्रश्न विचारणे सोपे आहे, कारण आपल्या चित्रपटाचा मध्य हुडकावा लागत नाही. तो पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून येतो : मध्यंतर. हॉलिवूडचा चित्रपट आपल्या थिएटरात मधेच कुठेतरी तोडतात. आपला चित्रपट मात्र त्या तुटीभोवती बेतलेला असतो. ही सवय केवळ कॅन्टीनच्या धंद्यातून आली, असे मला वाटत नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो. मधल्या वेळात नामगजर चालतो, बुवांना बुक्का लावून हार घालतात. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते, उत्तररंगातले आख्यान त्याचा दाखला देते आणि शेवटी बुवा मूळ पदावर परत येतात. वारकरी कीर्तनाचा घाट वेगळा असतो, त्यात अशी दोन रंगांची वाटणी नसते, हे मला ठाऊक आहे. पण ध्रुपदाकडे परतण्याची ओढ तिथेही आहेच. म्हणजे वलय आपल्या कानांना फार आधीपासून ओळखीचे आहे.

कीर्तनात उत्तररंग पूर्वरंगाच्या बाजूने साक्ष देतो. आपल्या चांगल्या लोकप्रिय चित्रपटांत तो विरुद्ध साक्ष देतो, असे माझे म्हणणे आहे.

व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (1972) घ्या. त्याचे मूळ जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या 'द ब्लू एंजल' (1930) मध्ये. तिथला प्राध्यापक नाचगाण्याच्या बाईपायी विदूषक होतो आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गात, आपल्याच टेबलाला घट्ट धरून मरतो. वर्तुळ जागेने पूर्ण होते. मराठी 'पिंजरा'ने हे वर्तुळ उचलले, पण मिटवले अगदी वेगळ्या रीतीने. तमाशाचा फड गावातून उठवणारे श्रीधरपंत गुरुजी त्याच फडात तुणतुणे घेऊन उभे राहतात. चंद्रकलेने पैज घेतली होती तसेच. गुरुजींचे कपडे अंगावर असलेले दुसऱ्याचे प्रेत सापडते. गाव त्यांना मेलेले समजून पुतळा उभारते. आणि अखेर गुरुजींच्याच खुनाचा आरोप गुरुजींवर येतो. ते खरे सांगत नाहीत. फासावर जातात, ते पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून.

या जुळणीची वाहवा बरीच झाली आहे आणि ती योग्यच आहे. डॉ. लागूंचा चेहरा दोन्ही अर्धांत पाहिला की जुळणी कागदावरची राहत नाही. पण नीट पाहा. पूर्वार्धातला उपदेश उत्तरार्धात माणसाच्या बाबतीत खोटा ठरतो आणि तरीही गावाच्या लेखी खराच राहतो. वर्तुळ पूर्ण होते ते एका खोट्याच्या बळावर. हा शेवट जर्मन चित्रपटापेक्षा कडू आहे, असे मी समजतो.

आणखी एक हिशेब राहतो. गुरुजींच्या प्रत्येक पायरीला उलटी पायरी आहे. चंद्रकलाही सूड सोडून प्रेमाकडे वळते खरी, पण तिचे वळण गुरुजींच्या मापाने बेतलेले आहे. आरंभी फड उठवला गेला, पोटावर पाय आला, त्याला उत्तरार्धात जाब देणारा कोणी नाही. 'ब्लू एंजल'मधली लोला लोला निदान शेवटीही आपल्या रंगमंचावर गात असते.

हे मला खटकते त्याला माझा पत्ताही कारण असेल. तुकोबांची पालखी आमच्या यवतला मुक्काम करते, गाव पिठलं-भाकरी घेऊन उभे राहते आणि दुसऱ्या दिवशी पालखी वरवंडकडे निघते. वाटेत चौफुला लागतो, तिथली कला केंद्रे लागतात. एकाच सोलापूर रस्त्यावर कीर्तन आणि लावणी. 'पिंजरा'ने या रस्त्याची एकच बाजू आरशात धरली. पुतळा गुरुजींचा होतो, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या बायांचा होत नाही.

नागराज मंजुळे यांनी आरसा फिरवला. 'फँड्री'त जब्याची गलोल काळ्या चिमणीवर रोखलेली असते. शेवटचा दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. मात्र माझ्या मुद्द्याला खरा आधार 'सैराट' (2016) देतो. चारही गाणी पूर्वार्धात संपतात. क्रिकेटच्या सामन्याचा कल्ला, कॉमेंट्रीचा भोंगा यांनी सुरू झालेला चित्रपट आवाजच काढून घेऊन संपतो. या दोन टोकांच्या मधल्या जोड्या आर्चीच्या आहेत, हे महत्त्वाचे. गावात तिचा शब्द हाच हुकूम. हैदराबादेत तिला भाषाच नाही, तेलुगू शिकावी लागते. बुलेट, ट्रॅक्टर, वाडा आणि मग झोपडपट्टीतली खोली, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी. तिची पडझड कोणा पुरुषाच्या अधःपाताचे निमित्त नाही. ती तिची आहे, आणि त्यातून उभे राहणेही तिचेच.

भावाच्या वाढदिवसाच्या जल्लोषात दोघे पकडले जातात. अखेरीस तोच भाऊ आईने दिलेल्या भेटी घेऊन दाराशी येतो. ती चहा ठेवते. पूर्वार्धात परश्या त्यांच्या उत्सवात शिरला होता, आता ते याच्या घरात शिरले. जोडी इतकी बरोबर बसते की प्रेक्षकाला क्षणभर समेट झाल्यासारखे वाटते. या जुळणीवरच त्याची फसगत होते. वर्तुळ मिटले की सगळे ठीक होते, ही कीर्तनाने लावलेली सवय मंजुळे वापरतात आणि मोडतात.

मग शेजारणीकडून मूल परत येते, आत जाते, रडत बाहेर पडते. फरशीवर उमटलेल्या त्या लाल पावलांना पूर्वार्धात जोड नाही.