आलेख वर गेला, पण वास आला का?

कोविडनंतर वास येईनासा झालेल्यांसाठी बरीच ॲप्स निघाली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचा वास दिवसातून दोनदा घ्यायचा. ॲप आठवण करून देतं, ‘आज किती वास आला?’ असं विचारतं आणि उत्तरांचा आलेख काढतं. अशा ॲपवरचा पेपर हातात घेतलात, तर आधी एवढंच बघा: मोजलंय काय?

फोनला तुमच्या नाकातलं काही कळत नाही. त्याच्याकडे असतो तो तुमचा अंदाज. आणि स्वतःच्या नाकाबद्दलचा आपला अंदाज प्रत्यक्ष चाचणीशी फारसा जुळत नाही.

ही सरावपद्धत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये मांडली. तिथे ४० रुग्णांनी १२ आठवडे सराव केला, १६ जणांनी केला नाही. दोन्ही गटांची ‘स्निफिन स्टिक्स’ या वासाच्या पेनांनी आधी आणि नंतर चाचणी झाली. ते १६ जण कशाला? कारण विषाणूमुळे गेलेला वास पुष्कळदा आपोआपही परततो. तुलनेला गट नसेल, तर काळाचं श्रेय ॲपला जातं. शिवाय ज्यांना फरक पडला नाही त्यांनी मधेच ॲप सोडलं, तर उरलेल्यांचा आलेख छानच दिसणार!

मग ॲप टाकाऊ का? अजिबात नाही. आठवडेच्या आठवडे सराव टिकवणं अवघड असतं, तिथे ॲप कामाला येतं. पण ‘सराव टिकला’ आणि ‘वास सुधारला’ हे दोन वेगळे दावे आहेत. तुमच्या प्रस्तावात ते एकाच वाक्यात आले असतील, तर आजच ते वाक्य तोडा.