अत्तरातले फळ आणि आंबेहळद

सुगंधाच्या जाणकारांत एक उतरंड ठरून गेलेली आहे. सर्वांत वर चंदन, ऊद आणि कस्तुरी. त्याखाली गुलाब, मोगरा, केवडा, हिना, वाळा. आणि अगदी तळाला फळे. पीच, सफरचंद, अननस किंवा आंब्याचा वास असलेले अत्तर म्हणजे पोरकट, शाम्पूच्या जातीचे, कॉलेजच्या पहिल्या वर्षापुरते. पाश्चात्त्य समीक्षेतही ‘फ्रूटी’ हा शब्द बहुधा नाक मुरडूनच उच्चारला जातो. कारण विचारले की दोन आक्षेप पुढे येतात. एक, हा वास खरा नाही, फळातून आलेला नाही, जुळवलेला आहे. दुसरा, हा खाण्याचा वास आहे, अंगाला लावण्याचा नव्हे.

या दोन्ही आक्षेपांचे उत्तर मराठी घराला पिढ्यान्पिढ्या माहीत आहे, आणि त्याचा शास्त्रीय पुरावा ट्रॉम्ब्याला तयार झाला. तो पुरावा अन्नशास्त्राच्या नियतकालिकांत पडून राहिला. सुगंधाच्या चर्चेत तो आणावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

आधी उतरंडीतली एक लबाडी पाहू. लिंबू, संत्रे, बर्गमॉट ही फळेच. पण त्यांना कोणी ‘फ्रूटी’ म्हणत नाही. त्यांना ‘सिट्रस’ असा वेगळा आणि मानाचा कप्पा आहे. अठराव्या शतकातल्या कलोनच्या पाण्यापासून त्यांची प्रतिष्ठा टिकून आहे. याचे कारण इतकेच, की त्यांच्या सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल दाबली की तेल हाती येते. संत्रे सोलताना डोळ्यांत उडते तेच. आंबा, पेरू, अननस, फणस यांच्याकडे असे साठवलेले, दाबून काढता येणारे तेल नाही. त्यांचा वास गराच्या पाण्यात आणि साखरेत अत्यल्प प्रमाणात विखुरलेला असतो, पिकता पिकता बनतो आणि बनता बनता उडून जातो. आंब्याचा रस भपक्यात उकळला तर हाती आंब्याचा वास येत नाही, आटवलेल्या रसाचा येतो. कोकणात ज्याने चुलीवर रस आटवला आहे त्याला हे सांगायला नको. म्हणून कनौजच्या डेग-भपक्यांतून गुलाब निघाला, वाळा निघाला, भाजलेल्या मातीचे अत्तरसुद्धा निघाले, पण फळ निघाले नाही. म्हणजे ही उतरंड वासाच्या गुणावर लागलेली नाही, कुळावर लागली आहे. ज्याचे तेल निघते तो कुलीन, ज्याचा वास जुळवावा लागतो तो हलका.

जुन्या गंधशास्त्राला हा भेद इतका मोठा वाटत नव्हता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, गंधयुक्तीचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे सुगंध म्हणजे मुळातच जुळवणी: कोणती द्रव्ये, किती भाग, कशाची धुरी. ठरावीक द्रव्यांतून किती मिश्रणे होतील याचे गणितही त्यात मांडलेले आहे. त्याच प्रकरणात जायफळ, कस्तुरी आणि कापूर यांच्या पंगतीला सहकार, म्हणजे सुवासिक आंबा, येऊन बसतो. पुढे गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्या जोडीचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी अभ्यासकांपुढे आणले. गंधवादावर मराठी टीका आहे. सुगंध कसा जुळवावा हे समजावून सांगणारे मराठी गद्य आपल्याकडे शतकांपूर्वी होते, आणि आज आपण अत्तराविषयी चार ओळी लिहायला बसलो की विशेषणे इंग्रजीतून उसनी आणतो. हे मला जरा नामुष्कीचे वाटते.

आता घरात येऊ. हिरवा चाफा घ्या. कळी उमलते तेव्हा पाकळ्या पानांसारख्याच हिरव्या आणि जवळजवळ वासहीन. मग त्या पिवळ्या पडू लागतात आणि वास येतो तो फुलाचा नव्हेच, पिकलेल्या फळाचा: थोडे केळे, थोडे अननस, थोडे उतरू लागलेले काहीतरी. हे फूल सीताफळाच्या कुळातले. फळांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांना बोलावण्यासाठी या कुळातली कितीतरी फुले पिकलेल्या फळाचे सोंग घेतात. बायकांनी हे फूल केसांत माळले, कपड्यांच्या घडीत ठेवले. तो लपत नाही, यावर भावगीतेही झाली. कवठी चाफ्याने तर आपल्या नावातच फळाचे नाव घेतले आहे. म्हणजे अंगावर फळाचा वास बाळगण्याची हौस मॉलमधल्या काउंटरवरून आलेली नाही. फरक एवढाच, की तो वास फळाकडून आला नाही, फळ नसलेल्या कशाकडून तरी आला.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आत्ता घराघरांत आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटेच्या उटण्यात नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, संत्र्याची साल यांच्याबरोबर आंबेहळद असते. आंबेहळदीचा ओला गड्डा नखाने खरवडला तर कैरी फोडल्याचा वास येतो. चीक, हिरवेपणा, दातांना आधीच जाणवणारी आंबटी, सगळे त्यात असते. आपल्या भाषेने या कंदाला नाव देताना ‘आंब्यासारखी’ असे म्हणण्याचीही गरज मानली नाही. सरळ आंबेहळद म्हटले. ही कवीकल्पना की वस्तुस्थिती?

इथे ट्रॉम्बे येते. या गावाचे आपले नाव तुर्भे. खाडीपलीकडे नवी मुंबईत दुसरे तुर्भे आहे, जिथे बाजारसमितीच्या फळबाजारात चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्यांची थप्पी लागते. एका तुर्भ्यात आंबा विकला जातो आणि दुसऱ्या तुर्भ्यात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अन्नतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत, तो वास म्हणून तपासला गेला. अणुकेंद्राचे आंब्याशी काय काम, असे वाटेल. पण विकिरणाने फळे-धान्ये टिकवण्याचा अभ्यास तिथे फार आधीपासून चालत आला आहे. त्याच परिसरात घोलप आणि बंद्योपाध्याय या दोघांनी सत्तरच्या दशकात आंब्याच्या वासावर एकामागून एक निबंध प्रसिद्ध केले.

१९७३ च्या निबंधात त्यांनी आंब्याच्या वासाचे नाते गरातल्या स्निग्धाम्लांशी जोडले. पामिटिक आम्लाच्या मानाने पामिटोलिक आम्ल जास्त असेल तर वास आणि चव तीव्र, उलट असेल तर सौम्य. १९७७ मध्ये ते कैरीकडे वळले. कैरीचा हिरवा वास नेमका कशाचा? हापूसच्या कैरीत त्याचे मुख्य श्रेय सिस-ऑसिमीन या द्रव्याला जाते आणि ‘बाटली’ या जातीत मिर्सीनला. (अत्तरावरच्या लेखात आंब्याच्या जातीचे नाव बाटली निघावे, हा योगायोग मी बनवलेला नाही.) आणि १९८४ मध्ये त्यांनी आंबेहळद हाती घेतली. तिच्या वासातल्या आंब्याच्या भासाचे कर्तृत्व त्यांनी दोघांना दिले: ३-कॅरीन आणि सिस-ऑसिमीन. कॅरीनमधली कैरी केवळ कानाची फसवणूक. ऑसिमीन मात्र खरेच तेच, हापूसच्या कैरीतले.

म्हणजे आंबेहळदीचा वास कैरी‘सारखा’ नाही. तिच्यात कैरीचाच एक अंश आहे, फक्त तो आंब्याच्या झाडावर बनलेला नाही. जे काम पॅरिसचा अत्तरकार पाच-सात कुप्यांतून करतो ते एका कंदाने जमिनीखाली करून ठेवले. ‘खरा’ वास आणि ‘जुळवलेला’ वास ही विभागणी इथे कोलमडते, कारण द्रव्याला आपण कुठून आलो हे आठवत नसते. पहिला आक्षेप माझ्या मते इथेच निकालात निघतो. दुसरा तर उटण्याने केव्हाच काढलेला आहे. ते खात नाहीत, अंगालाच लावतात.

आता ज्या अत्तरांवर हा वाद चालतो त्यांच्याकडे या नाकाने पाहू. १९१९ मध्ये जाक गेर्लाँ यांनी ‘मित्सुको’ केले. त्यातला पीच हा गॅमा-अनडेकॅलॅक्टोन या कृत्रिम द्रव्याचा. धंद्यात त्याला आल्डिहाइड सी-१४ म्हणतात, जरी तो आल्डिहाइड नाही. शंभर वर्षे हे अत्तर थोर मानले गेले, आणि त्याला ‘फ्रूटी’ म्हणून कोणी हिणवले नाही, कारण तो पीच ओकमॉसवर, म्हणजे ओकच्या झाडावरच्या दगडफुलावर, बसवलेला आहे. आपल्या नाकाला त्याची खालची बाजू परकी नाही: गोड्या मसाल्याच्या डब्याचे झाकण काढल्यावर शेवटी उरतो तो मातकट, कोरडा, किंचित कडवट वास. पिकलेले फळ आणि दगडफूल. गोडाला कोणीतरी धरून ठेवले आहे, म्हणून ते गोड सोसवते.

दुसरे अत्तर २००५ चे, एर्मेसचे ‘अँ जार्दँ स्यूर ल निल’. जाँ-क्लोद एलेना यांना त्याची कल्पना नाईलकाठच्या अस्वानला, झाडावरच्या कैऱ्यांवरून सुचली. बाटलीत कैरीचा अर्क नाही, भास आहे. मला त्यात पपनसाची साल आणि टोमॅटोच्या पानाचा उग्र हिरवेपणा जाणवतो. कैरीबरोबर घटकांत कमळ, धूप आणि वेखंड सांगितलेले आहेत. युरोपीय समीक्षकांनी या अत्तराचे कौतुक पाणी, प्रकाश, पारदर्शकता अशा शब्दांत केले. मराठी वाचकाने ते मनगटावर लावून पाहावे. कैरी आणि वेखंड एकत्र आले की आपल्याला नाईल आठवत नाही, न्हाणीघर आठवते: वेखंड लावलेले बाळ आणि उटण्याची वाटी. ही प्रतिक्रिया त्यांच्या प्रतिक्रियेपेक्षा कमी अधिकृत नाही. उलट मला ती जास्त नेमकी वाटते, कारण हे अत्तर खरोखरच धुऊन निघाल्याचे अत्तर आहे.

मग पिकल्या आंब्याची अत्तरे का फसतात? ती फसतात हे मान्य करायला हवे. मी हुंगलेली बहुतेक आम्रखंडाच्या इसेन्सपलीकडे गेलेली नाहीत. याचेही उत्तर आंब्याकडेच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनाने हापूस पिकताना लॅक्टोन आणि फ्युरॅनोन कसे अवतरतात हे दाखवले आहे. पीचपणा, सायीचा स्निग्धपणा आणि साखर करपल्याचा गोडवा त्यांच्याकडून येतो. पण पिकलेल्या हापूसमध्येही टर्पिनांचा, विशेषतः त्याच ऑसिमीनचा, वाटा भरपूर राहतो. पिकल्यावर कैरी जात नाही, ती खाली बसून राहते. देठाजवळ नाक नेल्यावर जो चिकाचा झणका येतो तो तिचा. अत्तरकार लॅक्टोनांचा गोडवा घेतात आणि हा झणका सोडून देतात, कारण गिऱ्हाइकाला तो कच्चा वाटेल अशी भीती. उरतो तो जॅम. म्हणजे दोष फळाचा नाही, अर्धे फळ घेण्याचा आहे.

आता ज्या भागात हे संशोधन झाले त्याविषयी एक गोष्ट टाळता येणार नाही. ट्रॉम्बे, माहूल, चेंबूर इथल्या रहिवाशांसाठी वास हा रसिकतेचा विषय नंतर, सावधगिरीचा आधी. तेलशुद्धीकरण, खत, रसायनांच्या टाक्या यांच्या शेजारी राहणारा माणूस वास आला की खिडकी लावतो. बेंझिनचा वास गोडसर असतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या पट्ट्यातल्या हवेच्या प्रदूषणापोटी चार उद्योगांना मिळून २८६ कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला, तोही अशाच उडून जाणाऱ्या सेंद्रिय बाष्पांच्या प्रकरणात. या परिसरात कोणी स्वस्त फळाचे अत्तर हुंगून ‘केमिकल आहे’ म्हणत हात मागे घेतला, तर त्याला अडाणी ठरवणारा समीक्षक स्वतः चांगल्या हवेत राहत असणार. पण तोच शब्द चर्चगेटच्या बाजूच्या दिवाणखान्यात लोकलमध्ये विकल्या जाणाऱ्या कुपीसाठी वापरला जातो तेव्हा त्यात भीती नसते, तुच्छता असते. पहिल्याला आपण काय श्वासात घेतो हे ठरवण्याचा अधिकार मिळालेला नाही. दुसऱ्याला इतरांनी काय लावावे हे ठरवायचे आहे. अत्तराच्या समीक्षेने हे दोन ‘केमिकल’ वेगळे ऐकायला शिकले पाहिजे.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात माझ्या मनातून जात नाही. आश्विनात झाडावर कैरी नसते. गेला आंबा जूनमध्ये संपलेला, पुढचा मोहोर अजून फुटायचा. आंबेहळदीचा नवा गड्डाही थंडी सरताना खणणार. उटण्यात असते ती मागल्या साली वाळवून दळलेली, निम्मा वास उडालेली भुकटी. तेल लावलेल्या अंगावर ती कोमट पाण्यात कालवून चोळली की क्षणभर कैरी येते आणि पहिल्या तांब्याबरोबर जाते. पुडी विकत घ्यायची असेल तर वेष्टनावरची घटकांची यादी वाचा, आणि आंबेहळद नसेल तर काष्ठौषधींच्या दुकानातून वेगळी आणून त्यात मिसळा. जुनी असेल तर थोडी जास्त.